अळवाच्या मुळाशी पाणी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत माझ्या आधीच्या वक्त्यांनी संतवाङ्मय आणि नाट्यसंगीत अशा भारदस्त विषयांवर विद्वत्तापूर्ण विवेचन केले. त्यांच्या मागोमाग मी अळवावर बोलावयास उभा राहिलो आहे. विषयाचे नाव ऐकताच सभागृहात थोडी हशाची लहर उठली, ती मला ऐकू आली. परंतु आपणां सर्वांच्या घरी श्रावण येतो, गौरीगणपती येतात, ऋषिपंचमी येते, आणि त्या प्रत्येक वेळी ‘अळू कोठे मिळेल?’ हा प्रश्न या लखनौ शहरात कोणाला तरी पडतोच. तेव्हा विषय साधा असला तरी निरर्थक नाही, एवढे आपण मान्य कराल.

मी कृषिशास्त्राचा पदवीधर नाही, कला शाखेचा साधा बी. ए. आहे. केंद्र सरकारच्या नोकरीत तीस वर्षे गेली. जबलपूर, कोलकाता, जोधपूर असे मुक्काम करीत या शहरी आलो. प्रत्येक ठिकाणी सरकारी निवासाच्या मागच्या अंगणात किंवा बाल्कनीत अळवाची एक तरी कुंडी ठेवली. माझ्या बोलण्याला आधार आहे तो त्या कुंड्यांचा, आणि या विषयावर जे थोडेफार वाचले त्याचा.

आपल्या भाषेत ‘अळवावरचे पाणी’ हा वाक्प्रचार आहे. जे टिकत नाही, जे क्षणात घरंगळून जाते, त्याला आपण अळवावरचे पाणी म्हणतो. बदलीच्या नोकरीतील माणसाला हा वाक्प्रचार फार जवळचा वाटतो. आज येथे, उद्या तेथे. निरीक्षण म्हणून तो अचूकच आहे. अळवाच्या पानावर मेणाचा अतिसूक्ष्म थर असतो आणि त्याखाली डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात. त्यामुळे पाण्याचा थेंब पसरत नाही, मोत्यासारखा गोल होतो आणि घरंगळतो. परंतु हा वाक्प्रचार रचणाऱ्याने झाडाचा वरचा अर्धाच भाग पाहिला. पानावर पाणी ठरू न देणारे हे झाड मुळाने मात्र इतके पाणी पिते की ओढ्याकाठी आणि मोरीच्या सांडपाण्यावरच ते आनंदाने वाढते. पहाटे उठून पाहिलेत तर पानाच्या टोकाशी पाण्याचा थेंब लोंबताना दिसेल. तो दवाचा असेलच असे नाही. रात्री मुळांनी ओढलेले जास्तीचे पाणी पान टोकावाटे बाहेर टाकीत असते.

मला आज जे सांगावयाचे आहे ते एवढेच, की अळवाच्या बाबतीत आपल्या बहुतेक अडचणी पानाकडे पाहून निर्णय घेतल्यामुळे उद्भवतात. हे झाड खरोखर जगते ते जमिनीखाली, गड्ड्यात. गड्ड्याची काळजी घेतली की पान आपोआप येते.

अळू म्हणजे नेमके कोणते?

शास्त्रज्ञ ज्याला कोलोकेशिया एस्क्युलेंटा म्हणतात ते आपले अळू. एस्क्युलेंटा या लॅटिन शब्दाचा अर्थच ‘खाण्याजोगे’ असा आहे. ते सुरणाच्या कुळातले. कोकणात वडीचे अळू वेगळे आणि भाजीचे वेगळे. वडीच्या अळवाचे देठ बहुधा काळपट जांभळे आणि पान जाडसर, तर भाजीचे अळू फिकट हिरव्या देठाचे. पावसाळ्यात रानात आपोआप उगवते ते तेरे, आणि झाडांच्या खोडांवर वाढते ते रुखाळू, जे सुरणाच्याच कुळातले पण निराळ्या जातीचे. नागपूरकडील मंडळी अळवाला धोपा म्हणतात, मराठवाड्यात चमकुरा म्हणतात. अळवाच्या बाजूच्या लहान गड्ड्यांना आपण अळकुड्या म्हणतो.

आता येथेच एक गोष्ट लक्षात आणून देतो. आपल्यातील कित्येक कुटुंबे दादर किंवा पुण्याहून अळवाची रोपे ओल्या फडक्यात गुंडाळून, दोन रात्रींचा रेल्वेचा प्रवास घडवून येथे आणतात. आणि त्याच वेळी येथील भाजीवाल्याच्या टोपलीत अळूच पडलेले असते. तो ज्याला घुइयाँ किंवा अरवी म्हणतो ती आपली अळकुडीच होय. अवधी घरांत याच पानांना डाळीचे वाटण लावून, गुंडाळ्या करून जो पदार्थ करतात त्याला रिकवछ म्हणतात. तो अळूवडीचा सख्खा भाऊ आहे. गुजरातेत त्याचे पात्रा होते आणि कारवार-मंगळूरकडे पत्रोडे. बंगालात झाडाला कोचू म्हणतात आणि त्याचे धावते फुटवेही भाजीला घेतात. ओडिशात सारू, केरळात चेंबू, कुमाऊंच्या डोंगरात पिनालू. पपुआ न्यू गिनीतील कूक येथील दलदलीत हजारो वर्षांपूर्वीच्या शेतीच्या खुणा सापडल्या आहेत. युनेस्कोने 2008 साली ते स्थळ जागतिक वारशात घेतले. तेथे माणसाने हाताळलेल्या आरंभीच्या वनस्पतींत अळवाची गणना होते. हवाई बेटांवरील मूळ रहिवासी तर अळवाला मानवाचा थोरला भाऊ मानतात.

तात्पर्य, अळू ही केवळ आपली कोकणी ठेव नव्हे. कोठेही बदली झाली तरी शेजारच्या घरी, निराळ्या नावाने, ते बहुधा असतेच. शेजारणीला विचारण्याचा संकोच तेवढा सोडावयास हवा. बाजारातील अळकुडी लावली तर पान वडीच्या अळवाइतके रुंद येईलच असे नाही, परंतु भाजीपुरते अळू घरी निश्चित होते. खास पानांसाठी लावावयाचे असल्यास दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण हरितपर्णी’ ही जात दिलेली आहे. गावी जाणाऱ्या कोणाकरवी तिचे गड्डे मागवता येतील.

लागवड

कुंडी लहान नको. तोंडाशी चौदा-पंधरा इंच रुंद आणि तितकीच खोल असावी. तळाला भोके हवीतच. ‘अळवाला पाणी आवडते, मग भोक कशाला?’ असे काही जण विचारतात. ओढ्याकाठचे पाणी वाहते असते आणि कुंडीत तुंबलेले पाणी कुजते, हे त्याचे उत्तर. दोन भाग बागेची माती आणि एक भाग पुरते कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट असे मिश्रण करावे. येथील गाळाची माती भिजली की घट्ट बसते, म्हणून त्यात आणखी थोडा पालापाचोळ्याचा खत-चुरा मिसळावा. गड्डा कोंबाची बाजू वर ठेवून दोन-तीन इंच खोल लावावा. एका कुंडीत एकच गड्डा लावावा. जमिनीत लावावयाचा तर दोन गड्ड्यांत दीड फूट अंतर ठेवावे.

लावण्याची वेळ येथे कोकणाहून वेगळी आहे. कोकणात मृगाचा पाऊस पडला की अळू लावतात. येथे होळीच्या सुमारास, थंडी सरल्यावर लावावे, म्हणजे श्रावणापर्यंत झाड भरते. ती वेळ चुकली तर जून-जुलैत लावता येते. उष्णता असेल तर दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतो. तोवर माती ओलसर असावी, चिखल नसावा. कोंब दिसत नाही म्हणून रोज उकरून पाहणे हा आपल्यातील उत्साही गृहस्थांचा आवडता छंद आहे. त्याने कोंब मोडतो, दुसरे काही साधत नाही.

कोकणात अळू उघड्यावर वाढते, कारण तेथे हवेत ओलावा असतो. येथील मे-जूनची लू त्याला सोसत नाही. म्हणून सकाळचे तीन-चार तास ऊन आणि नंतर सावली मिळेल अशी पूर्वेकडील जागा निवडावी. कुंडीतील मातीवर वाळल्या पानांचे किंवा गवताचे आच्छादन घालावे आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ मुळाशी पाणी द्यावे. पानांवर पाणी उडवून गारवा आल्यासारखा वाटतो, पण तो क्षणभराचाच. ते पाणी खरोखरच अळवावरचे पाणी ठरते.

पान हेच आपले पीक असल्यामुळे या झाडाला नत्र लागते. तीन-चार आठवड्यांनी एकदा दोन मुठी गांडूळखत द्यावे. येथे मोहरीची पेंड सहज मिळते. ती चार-पाच दिवस पाण्यात भिजवून, ते पाणी दहापट पातळ करून द्यावे. वास येतो हे खरे, म्हणून शेजाऱ्यांकडे पाहुणे आले नाहीत ना याची खात्री करून घ्यावी. पाने तोडताना बाहेरची, वाढ पूर्ण झालेली घ्यावीत आणि मधली दोन-तीन नेहमी राखावीत. गड्ड्याला अन्न पुरविणारा कारखाना तोच आहे.

अडचणी आणि उपाय

आता नेहमी विचारल्या जाणाऱ्या तक्रारींकडे वळतो.

पहिली तक्रार अशी: ‘पाने पिवळी पडतात.’ सर्वांत खालचे एखादे पान पिवळे होणे हा झाडाचा नित्यक्रम आहे. ते आपले आयुष्य संपवून जात असते. परंतु खालची तीन-चार पाने एकदम फिकटली तर नत्र कमी पडले असे समजावे आणि खत द्यावे. माती बोटाने दाबून पाहावी. आंबूस वास आणि चिकट चिखल आढळला तर पाणी तुंबले आहे. अशा वेळी आणखी खत घालणे म्हणजे अजीर्ण झालेल्याला पंगतीत बसविण्यासारखे आहे. झाड उपटून, कुजका भाग कापून, गड्डा सावलीत एक-दोन दिवस सुकवून नव्या मातीत लावावा. कोवळे पान पिवळे आणि शिरा मात्र हिरव्या, असे दिसले तर लोहाची उणीव समजावी. कूपनलिकेचे जड पाणी सतत दिल्याने असे होते, कारण मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. कंपोस्ट वाढवावे आणि पावसाचे पाणी साठवून द्यावे.

दुसरी तक्रार: ‘पानांच्या कडा करपतात.’ मे महिन्यात असेल तर ती लू आहे. जागा बदलावी, आच्छादन घालावे. पावसाळ्यातही कडा करपत असतील तर खताचा अतिरेक किंवा पाण्यातील क्षार हे कारण असू शकते. कुंडीला भरपूर पाणी देऊन ते तळातून वाहू द्यावे, म्हणजे साठलेले क्षार धुऊन निघतात.

तिसरी: ‘पहिल्या वर्षी मोठी पाने आली, आता तळहाताएवढीच येतात.’ कुंडीत पिल्लांची गर्दी झालेली असते. एका खोलीत आठ बिऱ्हाडे राहिली तर कोणाचेच पोषण नीट होत नाही. फाल्गुनात कुंडी उलटी करावी, गड्डे वेगळे करावे आणि एकेक निराळा लावावा. देठ लांबलचक आणि पान लहान असेल तर ऊन कमी पडते आहे.

चौथी तक्रार किडींची. कोरड्या उन्हाळ्यात पानाखाली बारीक जाळे आणि वर फिकट ठिपके दिसले तर तो लाल कोळी. कोवळ्या पानाच्या सुरळीत चिकटलेले बारीक जीव म्हणजे मावा. दोन्हींवर पानाची पाठ पाण्याच्या धारेने सकाळी धुवावी. तेवढ्याने न गेल्यास सौम्य साबणाचे पाणी किंवा कडुनिंबाच्या तेलाचे पाणी फवारावे. पावसाळ्यात पानाच्या पाठीवर अंड्यांचा केसाळ पुंजका दिसला तर तेवढा भाग तोडून नष्ट करावा. नाहीतर चार दिवसांत अळ्या पानाची चाळणी करतात. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. हे पान आपल्या ताटात येणार आहे, म्हणून त्यावर बाजारातील जहाल कीटकनाशके मारू नयेत.

पाचवी बाब गंभीर आहे, आणि ती म्हणजे करपा. पावसाळ्यात सतत झड लागली आणि रात्री गार झाल्या की पानावर पाण्याने भिजल्यासारखे गोल डाग पडतात. ते तपकिरी होतात, त्यांत वलये दिसतात, कडेला पिवळसर-नारिंगी थेंब सुटतात आणि काही दिवसांतच पान गळून पडते. फायटोप्थोरा कोलोकेशी या रोगजंतूचे हे काम. रासिबोर्स्की या शास्त्रज्ञाने जावा बेटावरून 1900 साली त्याचे वर्णन केले. हा रोग 1993 साली सामोआ बेटांवर पोहोचला आणि ज्या लोकांचे मुख्य अन्नच अळू, त्यांचे पीक पाहता पाहता बसले. आपल्या कुंडीत डाग दिसताच ते पान देठासह कापून, पिशवीत बांधून फेकावे. खतात टाकू नये. कुंड्यांत अंतर ठेवावे आणि सायंकाळी पानांवर पाणी मुळीच घालू नये, कारण रात्रभर ओल्या राहिलेल्या पानावरच हा रोग पसरतो. कंदपिकांसाठी 1963 साली स्थापन झालेली केंद्रीय संशोधन संस्था तिरुअनंतपुरम येथे आहे. तिच्या भुवनेश्वर केंद्राने दिलेली ‘मुक्तकेशी’ ही जात करप्याला बरीच दाद देत नाही. जेथे दरवर्षी हा रोग येतो त्यांनी तिची चौकशी करावी.

सहावी बाब: पानावर शिरांच्या कडेने पिसासारखी फिकट नक्षी उमटते. काहींना ती सुंदर वाटते आणि ‘नवी जात’ म्हणून त्या झाडाची पिल्ले वाटली जातात. बहुधा तो विषाणूचा रोग असतो आणि तो गड्ड्यातून पिल्लांत जातो. त्यावर औषध नाही. झाड काढून टाकावे आणि त्याचे पिल्लू कोणाला देऊ नये.

अळू मेले नाही

आता ज्या एका गोष्टीसाठी मी हा विषय मुख्यतः निवडला, तिच्याकडे येतो. गेल्या काही वर्षांत आपल्या मंडळातील अनेक भगिनींनी मला सांगितले, की ‘आमच्याकडे अळू लागत नाही, दरवर्षी डिसेंबरात मरते.’ मग ती कुंडी रिकामी होते, तीत गुलाब किंवा शेवंती लागते, आणि पुढल्या श्रावणात पुन्हा दादरहून रोप मागविले जाते.

बंधुभगिनींनो, ते अळू मेलेले नसते. ते निजलेले असते.

कोकणात थंडी अशी फारशी नसते, म्हणून तेथील अळू पाणी मिळाले तर बारमाही हिरवे राहते. आपण ते पाहिलेले असते, आणि पाने गेली म्हणजे झाड गेले असा निष्कर्ष काढतो. येथे नोव्हेंबर सरता सरता रात्री गारठतात, जानेवारीत तर धुक्याने सूर्य दिसत नाही. पारा दहा अंशांच्या खाली जाऊ लागला की हे झाड पानांतील सत्त्व गड्ड्यात ओढून घेते, पाने सोडून देते आणि स्वस्थ पडून राहते. या वेळी आपण काळजीपोटी त्याला भरपूर पाणी घालतो. निजलेल्याच्या तोंडात पाणी ओतावे तसा हा प्रकार होतो. गड्डा थंड ओल्या मातीत कुजतो आणि मग ते खरोखर मरते. म्हणजे थंडीहूनही आपली माया त्याला अधिक बाधते.

करावयाचे ते असे. पाने पिवळी पडू लागली की पाणी हळूहळू कमी करून बंद करावे. वाळलेली पाने कापावीत. कुंडी भिंतीच्या आडोशाला, कोरड्या जागी सरकवून ठेवावी आणि होळीपर्यंत तिकडे पाहू नये. किंवा गड्डे काढून, माती झटकून, सावलीत चार-पाच दिवस सुकवावे आणि कोरड्या वाळूत किंवा कागदात गुंडाळून टोपलीत ठेवावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नयेत, ते आतल्या दमटपणाने बुरसतात. मधून मधून दाबून पाहावे. मऊ झालेला गड्डा बाजूला काढावा. फाल्गुनात टणक गड्डे लावले की कोंब आलाच म्हणून समजा.

आपल्यापैकी कोणाची बदली उद्या अन्यत्र झाली तर हेच सूत्र त्या जागेप्रमाणे लावावे. कोलकात्यास किंवा चेन्नईस अळू क्वचितच पुरते निजते. तेथे थंडीपेक्षा पावसाळ्यातील करप्याची चिंता अधिक. जोधपूरला सावली आणि आच्छादन हेच सर्वस्व. डोंगराळ गावी बर्फ पडत असेल तर गड्डे घरातच आणावे लागतात. गावाची हवा पाहावी आणि मग आपल्या सवयीला मुरड घालावी. परगावी राहणाऱ्या माणसांना हे निराळे शिकविण्याची गरज नाही.

खाज, आणि त्याहून मोठा धोका

अळवाच्या खाजेचे कारण त्यातील कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक होत. कच्चे पान चावले तर ते जिभेला आणि घशाला टोचतात. म्हणून चिरताना हाताला तेल किंवा चिंचेचा कोळ लावावा, पाने व देठ पुरते शिजवावे आणि चिंच किंवा आमसूल घालण्यात काटकसर करू नये. आपल्या आज्यांनी अळवाच्या फदफद्यात आंबट चुका आणि चिंच घातली, देठी करतानाही देठ आधी शिजवून घेतले, ते केवळ रुचीसाठी नव्हे. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी मात्र वैद्यकीय सल्ल्याशिवाय अळू वारंवार खाऊ नये.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी. हल्ली रोपवाटिकांत ‘एलिफंट इअर’ या एकाच नावाखाली अनेक झाडे विकली जातात. अलोकेशिया, रंगीबेरंगी कॅलेडियम, आणि शोभेच्या म्हणून तयार केलेल्या काळ्या पानांच्या जाती. दिवाणखान्यात ती शोभतात, पण ती खाण्याची नव्हेत. खाण्याच्या अळवाचा देठ पानाच्या खाचेत न मिळता थोडा आत, पानाच्या पाठीला जोडलेला असतो आणि पान खाली झुकते. पुष्कळशा अलोकेशियांचे टोक वर रोखलेले असते. परंतु या खुणेवर विसंबून भाजी करू नये, कारण कॅलेडियमचा देठही पाठीलाच असतो. खरी खूण एकच, आणि ती म्हणजे हा गड्डा कोणाच्या घरून आला आणि त्या घरी त्याची भाजी होत होती काय. येथेही पानापेक्षा मुळाचीच चौकशी करावी लागते. नाल्याकाठी आपोआप वाढलेले अळू तजेलदार दिसले तरी घेऊ नये. शहराच्या सांडपाण्यातील नको ते सारे त्यात उतरलेले असते.

घरात लहान मूल असेल तर या सर्वच झाडांच्या कुंड्या त्याच्या हाताबाहेर ठेवाव्यात. मुलाने कच्चे पान चावले तर तोंडातील तुकडे काढावे, तोंड पुसून थंड पाण्याने धुवावे आणि थोडे गार दूध द्यावे. उलटी करविण्याचा प्रयत्न करू नये. ओठ-जीभ सुजली, गिळता येईना किंवा श्वासाला त्रास होऊ लागला तर क्षणाचाही विलंब न करता इस्पितळ गाठावे.

एक सूचना

भाषण संपविण्यापूर्वी मंडळापुढे एक लहानशी सूचना ठेवतो. गुढीपाडव्याला आपण सारे जमतो. येथील हवामानात गड्डे लावण्याचे दिवसही तेच. त्या दिवशी ज्यांच्याकडे अळू आहे त्यांनी दोन-दोन गड्डे आणावेत आणि ज्यांच्याकडे नाही त्यांनी ते न्यावेत. अट दोनच. गड्डा निरोगी झाडाचा असावा, आणि त्याला एक चिठ्ठी बांधलेली असावी. तीत अळू वडीचे की भाजीचे, आणि मूळ कोणत्या गावचे, हे लिहावे. ज्यांची बदली होते त्यांनी निवास सोडताना कुंडी ओसाड न टाकता गड्डे मंडळात द्यावेत. नव्याने आलेल्या कुटुंबाला पहिल्या श्रावणात अळूवडी करता आली, तर या परक्या गावात आपले कोणी आहे हे त्यांना निराळे सांगावे लागणार नाही. शेजारच्या अवधी किंवा कुमाऊंनी घरीही त्यातील एखादा गड्डा जावा, आणि त्यांच्याकडील घुइयाँ आपल्या अंगणात यावी.

पन्नास वर्षांत या मंडळात किती कुटुंबे आली आणि किती गेली! नोंदवही चाळली तर अळवावरच्या पाण्याचीच आठवण व्हावी. परंतु नावे बदलत राहिली तरी दर भाद्रपदात गणपती बसत आला, कारण मागे राहिलेल्या कोणी ना कोणी मुळाशी पाणी घालण्याचे काम सोडले नाही. ते काम असेच चालू राहो.